बास पेडलची घूं दर कार्यक्रमाला परत येते? आधी पेन्सिल सेलवर चालवून बघा

तक्रार साधारण एकाच साच्याची असते. घरी हेडफोन लावून बास गिटार वाजवताना पेडल, म्हणजे बासचा आवाज बदलणारी पायाखालची डबी, स्वच्छ वाजतं. तेच पेडल सोलापूरच्या होम मैदानावरच्या स्टेजवर, जयंतीच्या मिरवणुकीतल्या गाडीवर किंवा होटगी रोडच्या एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये जोडलं की घूं सुरू होते. मग केबल बदलली जाते, अडॅप्टर बदलला जातो, पेडल सर्व्हिसला जाऊन ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तीच घूं. शेवटी पेडल विकून नवीन, जास्त महाग पेडल येतं आणि तेही घूं करतं.

इतक्या जणांची ही अडचण पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. अशा तक्रारींत बहुतेक वेळा पेडलचा दोष नसतो. त्यात वीज कुठून येते आणि त्यातला आवाज बाहेर कुठे जातो, या दोन टोकांना गडबड असते. छोट्या मल्टिइफेक्ट पेडलमध्ये शंभर आवाज असतात, त्या शंभरांच्या नादात ही दोन टोकं कुणी बघतच नाही. पेडल निवडतानाही याच दोन टोकांकडे आधी बघायला हवं. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी चालू दुखणं.

आवाज कसला आहे ते नीट ऐका

नुसतं ‘आवाज येतो’ म्हणून भागत नाही. घूं असा जाड, स्थिर सूर म्हणजे आपल्याकडच्या विजेचे ५० हर्ट्झ आणि त्याची दुप्पट १०० हर्ट्झ. खर्रर्र असा दातेरी आवाज असेल आणि स्टेजवरचे लाइट कमीजास्त केल्यावर तो बदलत असेल, तर तो लाइटच्या डिमरचा आहे. कीं असा बारीक, शिट्टीसारखा आवाज बहुधा स्वस्त अडॅप्टरचा, लॅपटॉपचा, किंवा एकाच अडॅप्टरवर चार पेडलं लटकवल्याचा. आणि सुस्स असा वाऱ्यासारखा आवाज पेडलच्या आतल्या गेनचा, म्हणजे आवाज वाढवण्याच्या प्रमाणाचा. तो सेटिंगने कमी होतो.

घूंसाठी पुष्कळ जण इक्वलायझरमध्ये ५० हर्ट्झ आणि १०० हर्ट्झ खाली ओढतात. बासवाल्याने हे कधीच करू नये. जाड ई तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी वाजतो ४९ हर्ट्झला आणि मोकळी जी तार वाजते ९८ हर्ट्झला. म्हणजे आपल्या विजेची घूं नेमकी बासच्या जी सुराच्या अंगाला चिकटून बसलेली आहे. घूं कापायला गेलात की तो जी लंगडा होतो, आणि जी मेजरमधलं गाणं आलं की पायाखालची जमीनच जाते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तिथली घूं बी फ्लॅट आणि बी यांच्या मध्ये पडते. म्हणून तिकडच्या व्हिडिओत सांगितलेले कापाकापीचे आकडे इथे जसेच्या तसे लावू नका.

नॉईज गेटचंही असंच. गेट फक्त तुम्ही वाजवत नसताना दार बंद करतो. सूर चालू असताना त्याच्याखाली घूं असतेच. शिवाय उंबरा (थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीखाली दार बंद होतं ती) जास्त वर ठेवला तर लांब धरलेल्या सुराची शेपटी मध्येच तुटते. संथ भीमगीतात किंवा अभंगात बासने धरलेला सूर असा तुटला की अख्ख्या गाण्याचा आधार जातो. गेट शेवटी लावा, घूं मुळातून काढल्यावर उरलेल्या सुस्ससाठी.

मुख्य चाचणी

पेडलचा अडॅप्टर पूर्ण काढा. बोर्डातूनही आणि पेडलमधूनही. नवीन पेन्सिल सेल घाला, किंवा पेडल यूएसबीवर चालत असेल तर पॉवर बँक लावा. आउटपुटला फक्त हेडफोन. अॅम्प नाही, मिक्सर नाही, लॅपटॉप नाही. बास जोडा, आवाज वाढवा.

घूं गेली? मग पेडल आणि बास दोन्ही ठीक आहेत. आता हेडफोन काढून अॅम्पची केबल लावा, अजून सेलवरच. इथे घूं आली तर ती अॅम्पची, त्या केबलची किंवा त्या बोर्डाच्या अर्थिंगची. इथेही शांत असेल तर अडॅप्टर जोडा. अडॅप्टर जोडताक्षणी आली तर गुन्हेगार सापडला. तरीही शांत असेल तर मिक्सरची लाइन जोडा. एका वेळी एकच गोष्ट जोडायची, आणि प्रत्येक वेळी थांबून ऐकायचं. घाईत दोन गोष्टी एकदम जोडल्या की सगळी चाचणी वाया जाते.

सेलवर, हेडफोनमध्येही घूं असेल तर पेडलच्या इनपुटमधून बासची केबल उपसा. घूं थांबली तर ती बासमधून किंवा त्या केबलमधून येते आहे. बास हातात धरून जागच्या जागी हळूहळू फिरा. एका दिशेला तोंड केल्यावर घूं कमी आणि दुसऱ्या दिशेला जास्त होत असेल, तर बासचे पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकाच्या पट्ट्या, आसपासच्या मोटरचं किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र उचलत आहेत. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्याला लागून असलेल्या खोलीत सराव करणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो: भिंतीपलीकडे माग चालू असताना घूं, सुट्टीच्या दिवशी शांत. तिथे पेडल बदलून काहीही होणार नाही. जागा बदला, उभं राहायची दिशा बदला, किंवा पिकअपचा विचार करा.

पिकअपबद्दल थोडं. जॅझ बास पद्धतीच्या वाद्यात दोन सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप असतात. बहुतेकांत ते एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे ठेवले की त्यांची घूं एकमेकांत विरते. एक कमी केला की परत येते. प्रिसिजन बासला १९५७ पासून दोन तुकड्यांचा पिकअप आहे, त्याची रचनाच घूं मारणारी आहे. तेव्हा ‘मित्राच्या बासवर याच पेडलला आवाज येत नाही’ यात गूढ काही नाही.

आणखी एक साधी खूण. तारांना हात लावल्यावर घूं कमी होते, हे सामान्य आहे. हात लावून काहीच फरक पडत नसेल, पण केबलच्या जॅकच्या धातूला बोट लावल्यावर घूं कमी होत असेल, तर ब्रिजखाली (तारा बासच्या अंगावर जिथे अडकतात त्या पट्टीखाली) जाणारी अर्थची वायर तुटली आहे. पाच मिनिटांचं सोल्डरिंगचं काम आहे.

अडॅप्टर: सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं

ऑर्केस्ट्रात सगळ्यांचे अडॅप्टर एकाच पिशवीत असतात, तिथून संकट सुरू होतं. बहुतेक इफेक्ट पेडलांना ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मध्यभागी ऋण, बाहेर धन असतं. कीबोर्डचं उलट असू शकतं. यामाहाच्या अनेक कीबोर्डांचा अडॅप्टर १२ व्होल्टचा आणि मध्यभागी धन असतो. पिन दिसायला जवळपास सारखीच. अंधारात, गडबडीत तो पेडलमध्ये घुसला तर जास्त व्होल्टेज आणि उलटी ध्रुवता दोन्ही एकदम. काही पेडलांत संरक्षण असतं, काहींत पेडल तिथेच संपतं. आपल्या अडॅप्टरवर लाल इन्सुलेशन टेप गुंडाळा, त्यावर मार्करने ‘बास’ लिहा, आणि तो सामायिक पिशवीत टाकू नका.

लेबलवर तीन गोष्टी बघायच्या. व्होल्टेज अगदी तेवढंच हवं. ध्रुवतेचं चिन्ह तेच हवं. मिलिअँपिअर मात्र लागतात तेवढे किंवा जास्त चालतात. जास्त असल्याने पेडल जळत नाही, ते आपल्याला हवा तेवढाच करंट ओढतं. कमी पडले तर मजा जाते: झूम बी-वन फोर या मल्टिइफेक्ट पेडलला ९ व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर लागतात. साध्या डिस्टॉर्शन पेडलचा १०० किंवा २०० मिलिअँपिअरचा अडॅप्टर त्याला लावला तर ते चालू होईलही, पण मध्येच स्क्रीन मंद होईल, पॅच (साठवून ठेवलेला आवाज) बदलताना अडकेल किंवा बंद होऊन पुन्हा सुरू होईल. याला लोक ‘सॉफ्टवेअर हँग होतंय’ म्हणतात. लाइन सिक्सचं एचएक्स स्टॉम्प तर ९ व्होल्टला ३ अँपिअरचा अडॅप्टर घेऊन येतं. तो हरवला तर बाजारातला कुठलातरी ९ व्होल्टचा अडॅप्टर लावून भागत नाही.

जुन्या पद्धतीचे जड, ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर वेगळाच प्रकार. त्यावर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण रेग्युलेटर नसेल तर मोकळ्यावर मल्टिमीटर १२-१३ व्होल्टही दाखवतो, आणि लोड आला की त्याच्या डीसीत १०० हर्ट्झची लहर उरते. ती थेट घूं म्हणून ऐकू येते. मल्टिमीटर काही महाग वस्तू नाही. बास वाजवणाऱ्याच्या बॅगेत तो असावाच.

एका अडॅप्टरला चार तोंडांची वायर लावून डिजिटल मल्टिइफेक्ट आणि एखादं अॅनालॉग ओव्हरड्राइव्ह एकत्र चालवणाऱ्यांना कीं ऐकू येते. डिजिटल पेडलच्या आतल्या प्रोसेसरचा खडखडाट सामायिक वायरीतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतो आणि तिथे मोठा होतो. उपाय दोनच: प्रत्येकाला वेगळा अडॅप्टर, किंवा प्रत्येक आउटपुट आतून वेगळं केलेला पॉवर सप्लाय. फिल्टरच्या नावाने मिळणाऱ्या छोट्या डब्या या कामाला क्वचितच पुरतात.

स्टेजवरची घूं आणि अर्थिंगची पिन

घरी काहीच नाही, अॅम्पवर काहीच नाही, पण साउंडवाल्याने लाइन घेतली की घूं: ही जवळजवळ नेहमी अर्थची कडी असते. तुमचा अॅम्प स्टेजमागच्या बोर्डात, मिक्सर समोर शंभर फुटांवर दुसऱ्या बोर्डात, कधी दुसऱ्या फेजवर. दोन्हींचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने जमिनीकडे जातं आणि तुमच्या ऑडिओ केबलची जाळी (आतल्या वायरीभोवतीचं धातूचं शील्ड) त्या दोन वाटांना जोडते. मग त्या जाळीतून बारीकसा करंट वाहतो आणि स्पीकरमधून घूं येते.

इथे आपल्याकडे सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे थ्री-पिनची अर्थ पिन मोडणं, किंवा टू-पिनचा कनेक्टर लावून अॅम्प चालवणं. घूं जाते, हे खरं. पण कृपा करून हे करू नका, आणि दुसऱ्या कुणाला करू देऊ नका. थ्री-पिनमधली ती वरची लांब, जाड पिन माणूस वाचवण्यासाठी आहे. अॅम्पमध्ये आत काही सुटलं आणि चेसिसवर (धातूच्या सांगाड्यावर) फेज आली, तर ती पिन नसताना ती फेज तुमच्या केबलमधून, पेडलच्या धातूच्या बॉडीतून, ब्रिजमधून तारांवर येते. तुमचे दोन्ही हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की वाट पूर्ण झाली. गणपतीत स्टेज ओलं असतं, पायाखाली ताडपत्री भिजलेली असते. कोणत्याही घूंपेक्षा ही गोष्ट हजारपट गंभीर आहे.

साउंडचेकच्या आधी टेस्टर घेऊन अॅम्पच्या स्क्रूला, पेडलच्या बॉडीला आणि माइकच्या जाळीला लावून बघायची सवय लावा. दिवा लागला तर वाजवायला उभं राहायचं नाही, मंडपवाल्याच्या इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर जनरेटरचं अर्थिंग जमिनीत ठोकलं आहे का, आणि बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा गळती ओळखणारा ब्रेकर आहे का, हे विचारायला लाजू नका. आयोजक पहिल्यांदा त्रासतात, नंतर स्वतःच सांगतात की ‘ते लावलंय बरं का’.

मग घूंचं काय? उपाय आहे आणि तो सुरक्षित आहे: डीआय बॉक्स, म्हणजे पेडलचा आवाज मिक्सरला हवा तशा रूपात देणारी छोटी डबी. पेडलमधून डीआयमध्ये, डीआयमधून एक्सएलआरने (माइकच्या तीन पिनांच्या केबलने) मिक्सरला, आणि डीआयवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका दाबायचा. तो खटका फक्त ऑडिओच्या जाळीची कडी तोडतो. विजेच्या अर्थिंगला हातही लावत नाही. ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय घ्या. त्याला मिक्सरकडून फँटम पॉवर (केबलमधूनच येणारी वीज) लागत नाही आणि आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या राहतात. ज्यांच्या पिशवीत पेडलं तीन आहेत पण डीआय एकही नाही, त्यांना माझं सांगणं आहे की पुढचं पेडल राहू द्या, आधी डीआय घ्या.

डीआय नसेल आणि कार्यक्रम तासाभरावर असेल, तर मिक्सर आणि स्टेजवरचा अॅम्प एकाच बोर्डातून घेता येतो का ते साउंडवाल्याला विचारा, आणि पेडल सेलवर चालवा. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होतं. लाइट आणि साउंड एकाच फेजवर असतील तर खर्रर्र जाणार नाही. लाइटवाल्याला दुसरी फेज द्यायला सांगा.

‘बासचा तळच गेला’

घूं नाही, पण आवाज पातळ, डब्यातून आल्यासारखा. ही दुसरी जुनी तक्रार, आणि हिची कारणं बरीच आहेत.

सगळ्यात फसवं कारण केबलचं. अनेक छोट्या पेडलांत आउटपुट आणि हेडफोनचा जॅक एकच असतो, म्हणजे तो स्टिरिओ असतो. साउंडवाल्याने त्यातून दोन काळ्या रेघांचा स्टिरिओ जॅक लावून मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो चॅनलला दिला, तर मिक्सर डावीतून उजवी वजा करतो. बासचा मूळ सूर दोन्हीकडे सारखा असल्याने तो वजाबाकीत नाहीसा होतो, आणि उरतो तो कोरसचा किंवा रिव्हर्बचा विरळ धूर. पेडल जळलं असं समजून लोक घाबरतात. एका काळ्या रेघेची साधी मोनो केबल लावा, तळ परत येतो.

मग मिक्सरवरचा लो कटचा खटका. माइकच्या चॅनलवर तो बहुतेक वेळा दाबलेलाच असतो आणि ७५, ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचं कापतो. चार तारांच्या बासची मोकळी ई ४१ हर्ट्झला वाजते, पाच तारांची बी तर ३१ हर्ट्झच्या आसपास. निवेदकाच्या चॅनलवर बास जोडून तळ शोधत बसण्यात अर्थ नाही. सबवूफर नसलेल्या छोट्या बॉक्सांवरही तो तळ येणार नाही. तिथे उलट मधल्या पट्ट्यात, ५०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवा. कान वरच्या सुरांवरून खालचा सूर ओळखतो आणि बास ‘दिसायला’ लागतो.

कॅबिनेटचं सिम्युलेशन, म्हणजे पेडलने केलेली स्पीकरच्या खोक्याची नक्कल, कुठे चालू ठेवायचं, हे विसरलं तरी आवाज मातीत जातो. मिक्सरला थेट जात असाल तर ते चालू. खऱ्या बास अॅम्पला जात असाल तर बंद, कारण तिथे खरा स्पीकर आहेच. त्याच्या आधी आणखी एक खोटा स्पीकर लावला की वरची धार दोनदा कापली जाते. दोन्हीकडे जायचं असेल तर तडजोड करावी लागते. मी मिक्सरच्या बाजूने कौल देईन, कारण प्रेक्षक तोच आवाज ऐकतात.

डिस्टॉर्शन लावल्यावर तळ जातो, हे तर ठरलेलं. त्यात ब्लेंड किंवा मिक्स नावाचा नॉब असेल तर मूळ स्वच्छ आवाज निम्मा तरी मिसळून ठेवा. गिटारसाठीचं पेडल बासवर वापरणाऱ्यांची इथेच अडचण होते. गिटारच्या डिस्टॉर्शनमध्ये खालचा भाग मुद्दाम कापलेला असतो आणि स्वच्छ आवाज मिसळायची सोय अनेकदा नसते. ऑक्टेव्हर (वाजवलेला सूर एक सप्तक खाली नेणारा इफेक्ट) जाड तारेवर अडखळत असेल तर तो बिघडलेला नाही. खूप खालच्या सुराचा माग काढणं त्याला अवघड जातं. तोच सूर ए किंवा डी तारेवर वरच्या पट्टीत वाजवा.

आणि ही घरच्या पॅचची गोष्ट. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू आवाजात बनवलेल्या पॅचमध्ये आपण नकळत बेस वाढवून ठेवतो. स्टेजवर आवाज मोठा झाला की तोच पॅच घुमायला लागतो आणि सगळा मंडप गुरगुरतो. म्हणून पॅच घरी बनवा, पण त्याचा बेस आणि पॅच लेव्हल मोठ्या आवाजातच पक्की करा. एका पॅचवरून दुसऱ्यावर गेल्यावर आवाज अचानक उडी मारतो त्याचं कारण साधं आहे: प्रत्येक पॅचची लेव्हल वेगळी असते आणि कारखान्यातून येणारे पॅच लक्ष वेधण्यासाठी मोठे ठेवलेले असतात. स्वच्छ आवाजाचा एक पॅच माप म्हणून धरा, बाकीचे त्याच्या बरोबरीला आणा.

कंप्रेसरवर हात जरा हलका ठेवा. तो मोठा सूर दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो, त्यात सुस्सही वर येते. ४:१ च्या आसपासचं प्रमाण आणि जोरात वाजवल्यावरच थोडं दाबलं जाईल एवढा उंबरा ऑर्केस्ट्राला पुरतो.

बासमधली बॅटरी

अॅक्टिव्ह बासच्या (ज्याच्या आतच आवाज वाढवणारं सर्किट असतं) पाठीमागे ९ व्होल्टची बॅटरी असते. केबल जॅकमध्ये घातली की ती चालू होते, म्हणजे कार्यक्रमानंतर केबल तशीच राहिली तर रात्रभर ती उतरत राहते. उतरलेल्या बॅटरीचा बास आधी फाटका, मग बारीक वाजतो आणि आळ पेडलवर येतो. पेडलच्या सेटिंगमध्ये अॅक्टिव्ह-पॅसिव्हचा पर्याय असेल तर तोही बघा. अॅक्टिव्ह बासचा जोर पॅसिव्हच्या सेटिंगवर इनपुट फाडू शकतो. उलट पॅसिव्ह बास पेडलशिवाय थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावला तर मेलेला वाटतो, कारण त्या इनपुटचा अवरोध (इम्पिडन्स) साधारण १० ते २० किलोओहम असतो आणि पिकअपला साधारण १ मेगाओहम हवा असतो. पेडल मध्ये असलं की हा प्रश्न सुटतो, इफेक्ट सगळे बंद असले तरी.

मग घ्यायचं कोणतं?

आपल्याकडे बहुतेक जण पेडल ऑनलाइन मागवतात, किंवा पुण्या-हैदराबादला गेल्यावर घेतात. हातात घेऊन, आपल्या बासवर, आपल्या मंडपात वाजवून बघायची सोय नसते. अशा वेळी इफेक्टच्या संख्येकडे बघू नका. साठ असोत की शंभर, सोलापुरातल्या ऑर्केस्ट्रात बासवाला कंप्रेसर, थोडा ओव्हरड्राइव्ह, कोरस, कधीतरी ऑक्टेव्ह आणि ट्यूनर एवढंच वापरतो.

पहिला प्रश्न, ते सेलवर चालतं का? गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत किंवा मिरवणुकीत जनरेटर बदलताना वीज क्षणभर जाते, पेडल बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला काही सेकंद घेतं आणि तेवढ्यात गाण्याचा मुखडा निघून जातो. सेलवर ही भीती नाही, आणि वर सांगितलेली सगळी चाचणीही सेलवरच होते. झूम बी-वन फोर आणि बॉसचं जीटी-वन बी दोन्ही चार पेन्सिल सेलवर चालतात. झूमचं एमएस-सिक्स्टी बी तळहाताएवढं आहे आणि दोनच सेल घेतं, पण त्याला पायाचा खटका एकच. गाण्याच्या मध्ये पॅच बदलणाऱ्याला ते गैरसोयीचं. एचएक्स स्टॉम्पचा आवाज या सगळ्यांपेक्षा वरचा आहे, पण ते सेलवर चालत नाही आणि अडॅप्टरशी बांधलेलं आहे. पक्क्या हॉलमध्ये, हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या ठिकाणी किंवा चर्चच्या बँडमध्ये वाजवणाऱ्याने ते जरूर घ्यावं. गाडीवर वाजवणाऱ्याने आधी विजेची व्यवस्था बघावी.

चार्जिंगचे सेल वापरत असाल तर पेडलच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय आहे का बघा. हे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ व्होल्टचे, चुकीचा प्रकार निवडला की बॅटरीचं चिन्ह खोटं बोलतं. पॉवर बँक वापरताना ती कमी करंटवर आपोआप बंद होणारी नाही ना, हे घरी तासभर चालवून बघा. आणि मे महिन्याच्या उन्हात सेल आत ठेवून पेडल कपाटात टाकू नका, सेल गळून पट्ट्या खातात.

दुसरा प्रश्न, आवाज बाहेर कसा जातो. लहान पेडलांत एक्सएलआरचं आउटपुट क्वचित असतं, तेव्हा डीआयचे पैसे पेडलच्या किमतीतच धरा. तिसरा, डिस्टॉर्शनला स्वच्छ आवाजाचं ब्लेंड आहे का. बाकी सगळं आवडीचं.

खरंच पेडल खराब असेल तेव्हा

सेलवर, हेडफोनवर, इनपुटला काहीही न लावता, सगळे इफेक्ट बंद असतानाही घूं किंवा खरखर येत असेल, तर आता पेडलवर संशय घ्यायला हरकत नाही. आधी फॅक्टरी रिसेट करा, पण पॅच लिहून किंवा कॉम्प्युटरवर घेऊन ठेवल्याशिवाय नको. मग जॅक हलवून बघा. हलवल्यावर खर्र होत असेल तर जॅकचं सोल्डर सुटलं आहे किंवा आत धूळ आहे. सोलापूरची धूळ जॅकमध्ये आणि पायाच्या खटक्यात बसायला वेळ लागत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून, जॅक दहा-पंधरा वेळा आतबाहेर करा. तेवढ्यानेही गेलं नाही तर सोल्डरिंग चांगल्या मोबाइल किंवा कीबोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडून करून घेता येतं, मात्र वॉरंटी चालू असेल तर पेडल उघडू नका. सर्व्हिसला पाठवताना सोबत कागदावर लिहा: सेलवर, हेडफोनवर, इनपुट मोकळं, आवाज येतो. एवढं लिहिलेलं असलं की त्यांनाही तो दोष टेबलावर ऐकू येतो.